टाकीचं झाकण

फिल्टरच्या पारदर्शक डबीत पेट्रोल पार तळाला गेलं होतं, आणि वर एकच बुडबुडा... हलत नव्हता. भावनानं बॉनेटखाली वाकून पंपाला हात लावला. कोमट. म्हणजे उष्णतेनं पेट्रोलची वाफ होते हे शेखरचं म्हणणं खरं नाही – माघातली सकाळ, अंगावर स्वेटर – पण जुनी पद्मिनी गाडी बंद तर पडली होती, मूर्तिजापूरच्या अलीकडे, तो सांगतो तिथंच.

शेखरची नोकरी अकोल्यात. शनिवारी तो गाडीनं अमरावतीला घरी यायचा, आणि दिवाळीपासून दर खेपेला उशिरा. "तासभर उभी ठेवली की आपोआप सुरू होते." आपोआप काही होत नसतं, असं ती कॉलेजात रसायनशास्त्राच्या तासाला सांगत आलेली. त्या तासाभरात तो कोणाकडे... हे वाक्य तिनं मनातही पुरं केलं नव्हतं. या शनिवारी त्याला सुटी नव्हती, म्हणून त्याच्याकडे राहिलेल्या सासऱ्यांना, खुशालरावांना, घरी न्यायला ती अकोल्याला आली, त्याच्याकडून गाडी मागून घेतली. मला काय पकडायचं होतं – खोटं, की खरं?

"काय म्हणते व गाडी?" आतून खुशालरावांनी विचारलं. "डॉक्टरीणबाईसारखी नाडी धरून उभी राहिली!"

ती मागे गेली. टाकीचं झाकण फिरवलं तशी आत हवा शिरल्याचा लांब सुस्कारा... झाकणाच्या आत खताच्या पोत्याच्या प्लास्टिकची गोल चकती, कात्रीनं नीट कापलेली.

"मामाजी, हे कोणी लावलं?"

"म्याच. फवारणीच्या पंपाले लावतो ना आपण, पाठीवर औषध सांडू नये म्हून? पेट्रोल उडून जाऊन राहिलं होतं फुकट."

झाकणाचं बारीक छिद्र त्या चकतीनं बुजलेलं; पेट्रोल जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकी आतून ओढून धरते, इंजिन उपाशी... आणि उभी ठेवली की हवा हळूहळू झिरपते. तासभरात. आपोआप. शेखरचा शब्दन् शब्द बसत होता. रस्त्याकडेला एकटा बसलेला शेखर तिला दिसला, आणि मान खाली गेली – मग सवयीनं, प्रयोगाच्या नोंदीत तारीख लिहायची राहून जाऊ नये तसं, तिनं विचारलं:

"कधी लावलं?"

"सणाच्या आंदी गाडी धुतली तवा. संक्रांतीच्या... का दिवाळीच्या? सारखेच मालूम पडते आता सण."

दिवाळीच्या असेल तर सगळं बसतं. संक्रांतीच्या असेल तर मधले शनिवार... आठवून पाहा, मामाजी, एवढंच म्हणायचं होतं.

"काढून टाकतं काय?" खुशालराव किंचित दुखावून म्हणाले. "काहून? मस्त बसलं हाय ना."

चकती बोटांत होती, पेट्रोलनं गार. ही काढली की गाडी कधीच बंद पडणार नाही. मग शेखरला उशीर झाला तर...

"राहू द्या," ती म्हणाली. चकती पुन्हा बसवून तिनं झाकण घट्ट आवळलं.

गाडी लगेच सुरू झाली. बडनेऱ्याकडे जाताना खुशालराव काहीबाही सांगत होते, आणि ती इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून होती – केव्हा अडखळतं, याची वाट पाहत... जवळजवळ आशेनं.