आत्या, सोनू आणि पी-५३

जनवाड्याच्या दवाखान्यात बुधवारी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती, आणि माझ्या सासूबाई, भागाबाई (मी त्यांना आत्या म्हणते), मंगळवारी दुपारपर्यंत न्हाईच म्हणत होत्या.

"मला काय धाड भरलीया? कामून जाऊ?"

"आत्या, दुखायला लागल्यावर उशीर होतो."

"तू कॉलेजात पोरास्नी शिकवायलीस तेवढं बास."

तेवढ्यात आमची चार वर्षांची सोनू अंगणातून ओरडली, "आज्जी, शेळीनं तुझी साडी खाल्ली!"

आत्या धावल्या. साडी दोरीवर शाबूत, शेळी खुंट्याला निवांत. परत येईतो शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडा आणि सोनूचे दोन्ही गाल फुगलेले. आत्यांनी तिचा कान धरला. मला मात्र संधी दिसली.

"बघा आत्या, हिनं आधी डब्याला हात लावला का? न्हाई. आधी तुम्हाला घालवलं. हा कॅन्सर घडवणारा विषाणूपण तसाच. अंगातल्या पेशीत पी-५३ नावाचं जनुक असतं. ते राखणीसाठी एक प्रथिन बनवतं. पेशी वेडीवाकडी वाढायला लागली की ते तिला अडवतं, ऐकलंच न्हाई तर मारून टाकतं. विषाणू आधी त्या राखणदाराचाच काटा काढतो. मग आत वर्षानुवर्षं काय चाललंय, विचारायला कुणी न्हाई."

आत्यांनी कान सोडला. "आन् राखणदार गेलेला कळत बी न्हाई?"

"दुखत न्हाई, खुपत न्हाई."

"हलकट मेला!"

ही शिवी आपल्याला नाही, हे सोनूला कुठं ठाऊक? तिनं घाईनं उरलेला लाडू गिळला.

बुधवारी आत्या इस्त्रीची साडी नेसून रांगेत पहिल्या. अर्धा तास झाला तरी बाहेर येईनात. सोनूला कडेवर घेऊन मी दाराशी उभी.

"डाग हुता," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "कॅन्सर न्हाई म्हणली डॉक्टरीणबाई. व्हायच्या आधीच गरम यंत्रानं डाग शेकून टाकला. वर्षानं परत बोलावलंय."

माझे डोळे भरून आले. आत्यांनी सोनूला माझ्याकडून ओढून घेतलं.

"रडायलीस कामून? तुझं वय काय गं?"

"एकतीस."

"तिशीच्या पुढं समद्यांनी करायची म्हणं. तू कवा केलीस?"

मी चपलेकडं बघितलं. "सोनू रडंल, आत्या..."

"ती रडंल का तू? मला जनुकं शिकवायलीस व्हय! ओ सिस्टर, हिचं नाव लिवा. शिवकन्या!"

रांगेतल्या बायका खिदळल्या, आणि आत्यांनी मला आत ढकललं.