गाडीवर बसवू नका

नवऱ्याला गाडीवरून उतरताना पाहिलं आणि सगुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी चालायला म्हणून बाहेर पडलेला पुंजाराम पुतण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून परत आला होता. वर हसून म्हणतो कसा, "आज बिलकुल दम लागला न्हाई बघ."

कसा लागेल? चालला असता तर लागला असता.

परतूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. बिडी बंद, हे पहिलं. आणि रोज वाटूर फाट्यापर्यंत जायचं. रमतगमत नव्हे, धाप लागेल असं चालायचं. बसून राहिलात तर आहे तो दमही जाईल. पुंजारामनं बिडी सोडली, कुरकुरत का होईना चालायलाही लागला. छाती जरा मोकळी झाली होती. पण म्हाताऱ्या माणसाला पायी जाऊ देतील तर ते गावचे लोक कसले. जो तो गाडी थांबवणार. "बसा आबा, कुठं चालले?" नको म्हटलं की रुसणार. माणूस मेला तरी चालेल, यांचा मान राहिला पाहिजे.

त्यात सगळ्यात जास्त माया उतू जायची ती रामेश्वरची. सख्ख्या दिराचं पोरगं, पस्तिशीतलं. तो दीर, राधाकिसन, बिड्या ओढून ओढून खाटेवरच गेला. शेवटी शेवटी त्याच्या छातीतली शिट्टी अंगणापर्यंत ऐकू यायची. तो आवाज सगुणाबाईला आपल्या घरात नको होता. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच नवऱ्यासोबत निघाली. गाव मागं पडलं न पडलं तोच रामेश्वर आला, ओठात सिगारेट धरून.

"काकू, बसवा काकाला मागं. कशाला हाल करून राह्यल्या त्यांचे?"

सगुणाबाईनं हात घालून गाडीची किल्ली काढली आणि कमरेला खोचली.

"लई माया आली ना? मंग चाल आमच्यासंगं. फाट्यावर देते किल्ली."

"काकू, मला उशीर व्हतोय."

"तुझ्या बापालाबी मी चाल म्हनले व्हते. त्यालाबी उशीरच व्हत व्हता."

रामेश्वरचं तोंड उतरलं. गाडी कडेला लावून तो निघाला. सगुणाबाई रागारागानं भराभर पाय उचलत होती आणि पुंजाराम धापा टाकत तिच्या बरोबरीनं येत होता. चढ संपल्यावर तिनं वळून पाहिलं. रामेश्वर पार मागं, गुडघ्यांवर हात टेकून उभा.

"काय झालं रं?" पुंजारामनं विचारलं.

रामेश्वरला बोलता येईना. सगुणाबाई चढ उतरून त्याच्याजवळ गेली आणि जागीच थांबली. त्याच्या छातीतून येणारी शिट्टी तिला ओळखू आली.

मग पुन्हा राग चढला, पण आता तो कुणावर काढावा हेच कळेना. तिनं त्याच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट ओढलं, चुरगाळलं आणि नालीत फेकलं.

"दम घे आधी," ती म्हणाली. "किल्ली आता भेटनार न्हाई. उद्या सकाळी काकाला न्यायला घरी ये. पायी ये."