एकदम ठीक, सर!

हवालदारांच्या बायकोने दवाखान्याच्या पायरीवरच नवऱ्याला अडवलं. "आत काय सांगणार? म्हणून दाखवा."

"गुडघा दुखतो," हवालदार शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

"आणि?"

"झोप लागत नाही."

"शाबास. एवढंच बोला. आज पुन्हा माती खाल्लीत ना, तर देवाशप्पथ, इथूनच माहेरी जाते!"

तिचं तरी काय चुकलं? माजी सैनिकांच्या या तपासणीला दोनदा येऊन झालं होतं. दोन्ही वेळा डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारायचा अवकाश, की हे महाशय ताडकन उभे! छाती पुढे, टाचा जुळलेल्या. "एकदम ठीक, सर!" झालं! डॉक्टरांनी लिहून टाकलं, तंदुरुस्त. आता तंदुरुस्त माणसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन सरकार कशाला करेल? बसून करायची नोकरी तरी कोण देईल? म्हणून हा माणूस गोदामाच्या फाटकावर दिवसभर उभा राहायचा आणि घरी जिना चढताना कठडा धरून ओठ चावायचा. माजी सैनिकांना नोकऱ्या लावून देणाऱ्या खिडकीवरच्या बाईंनी तर हातच टेकले होते. "ताई, आज तंदुरुस्त ठरले की प्रकरण बंद. मग मी काहीही करू शकणार नाही."

आत चष्मेवाले डॉक्टर बसले होते. त्यांनी मान वर केली. "या, बसा. कसं वाटतंय?"

बसलेले हवालदार उठले. डावी टाच जुळवताना चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज खणखणीत. "एकदम ठीक, सर!"

"अगं बाई गं!" बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "काय करू मी या माणसाचं!"

डॉक्टरांनी पेन उचललं.

"थांबा हो डॉक्टर!" ती उठलीच. "यांना स्वतःबद्दल दुसरं काही सांगताच येत नाही. गोळी लागली असती तरी ठीकच म्हणाले असते! तुकडीतल्या पोराला साधा ताप आला, तर मात्र साहेबाच्या तंबूत जाऊन भांडायचे." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो हवालदार! समजा, तुमच्या तुकडीतला एक जवान या खुर्चीत बसलाय. डॉक्टरांना त्याचा रिपोर्ट द्या. खोटा दिलात तर त्या पोराचं वाटोळं होईल, सांगून ठेवते."

हवालदारांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"जवानाचा डावा गुडघा निकामी आहे, सर," ते म्हणाले. "मोडला होता, नीट जुळला नाही. फार वेळ उभं राहवत नाही. जिना चढवत नाही."

डॉक्टर लिहू लागले.

"झोप लागत नाही. डोळा मिटला की साथीदाराच्या हाका ऐकू येतात. त्याला उचलून आणायचं होतं, सर. पण जवानाचा स्वतःचाच पाय मोडलेला. पोहोचता आलं नाही."

बायको जागच्या जागी थिजली. ऑपरेशन, नोकरी, सगळं तिला पाठ होतं. हे मात्र ती पहिल्यांदाच ऐकत होती.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "जवानाने हे घरी सांगितलंय?"

"नाही, सर. बायको आधीच फार वैतागलेली असते."

बायकोने पदराने डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि नवऱ्याच्या पायांमागे आणून ठेवली.

"जवानाला म्हणावं, बस आता," ती म्हणाली.

हवालदार बसले.