नागम्माच्या पावडरीचा डबा

मी नागम्माच्या आरशापुढचा पावडरीचा डबा बोलतोय. हसू नका! मुरुम गावच्या या घरात माझ्यावाचून बायकांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नव्हतं.

नागम्मा रंगानं काळी. तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा तिच्या आईनं मला तिच्या तोंडावर जवळजवळ रितं केलं. चेहरा पांढरा, मान काळी! तरी लग्न जमलं आणि सगळं श्रेय मी घेतलं. तिच्यासोबत सासरी आलो. संपलो की ती मला पुन्हा भरायची.

मग लेक झाली, शिवप्रिया, आईच्याच रंगाची. लग्न असो, जत्रा असो, तिच्या तोंडावर मी ठरलेलाच. तरी शाळेत पोरी तिला ‘डांबर’ म्हणायच्या. वर्गाच्या फोटोत ती मागं लपायची. मला वाटायचं, मीच कमी पडतोय.

यंदा नववीत तिनं मोबाइलवर एक अमेरिकन पिक्चर पाहिला. त्यातला अख्खं शहर वाचवणारा वीर काळा होता. तिकडच्या काळ्या पोरापोरींचा एक व्हिडिओही तिला सापडला. पिक्चर बघून ती पोरं थेटराबाहेर छाती काढून चालत होती, ‘हा आमच्यासारखा दिसतो’ म्हणत होती. शिवप्रियानं तो व्हिडिओ दहादा लावला. मग उठून आरशात बघत बसली. माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

शाळेच्या गॅदरिंगला वेशभूषा स्पर्धा होती. आईची काळी इरकल साडी पाठीवर बांधून ती तोच वीर होणार होती. नागम्मानं सवयीनं मला पिशवीत टाकलं आणि स्टेजमागं लेकीच्या एका गालावर पफ फिरवलासुद्धा.

“अव्वा, थांब की! तो काळाच हाय. पांढरी करून सोडलीस तर मी कोण व्हणार?”

“लाइटात चेहरा उठून दिसाया पायजे गं. लोक हसतील.”

“हसू दे. पण माझा चेहरा माझ्यासंगं येऊ दे. एवढ्या वर्षांत एकदा तरी.”

तेवढ्यात माइकवर तिचं नाव पुकारलं. नागम्माचा हात तसाच थांबलेला. लाव, लाव, म्हणून मी आतल्या आत ओरडत होतो! तिनं पफ माझ्यात टाकला, झाकण लावलं आणि पदरानं लेकीचा गाल पुसला.

शिवप्रिया स्टेजवर गेली. काहीजण हसले. तिनं कमरेवर हात ठेवून मान वर केली, तशी पोरींच्या रांगेतूनच टाळ्या सुरू झाल्या. मागं नागम्मा रडत होती. डोळे पुसता पुसता तिनं आपल्या तोंडावरचा माझा थरही पुसून काढला.

बक्षीस तिसरं मिळालं. मायलेकींनी मात्र पुढं उभं राहून फोटो काढला. तो आता भिंतीवर आहे, आरशाच्या शेजारी.

मी खाली कॅरमपाशी असतो. शिवप्रिया मला चिमटीनं बोर्डावर उधळते. आधी लई झोंबलं. आता सोंगट्या सरसर पळाल्या की बरं वाटतं.

तुमच्या घरीही माझी भावंडं असतील. घामोळ्यांवर लावा, कॅरमवर उधळा. फक्त लेकीच्या तोंडाशी नेण्याआधी एकदा तिला विचारा. नागम्माला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.