बिनकानाचा मुकादम

दादाने स्टूल उचलून टीव्हीवर घातलं, तेव्हा धाकटी बहीण दारात चपला काढत होती. बातम्या सांगणारा अर्ध्या वाक्यात गप्प झाला. त्याला गप्प करू शकलेला हा पहिलाच माणूस. वहिनी कोपऱ्यात उजवं मनगट डाव्या हाताने धरून उभी होती. मनगट टम्म सुजलं होतं आणि त्यावर चार बोटं लालभडक उमटली होती.

"आलीस? बस," दादा प्रसन्नपणे म्हणाला.

काहीतरी फोडलं की त्याला मोकळं वाटायचं. जुन्या इमारती पाडून देण्याचा त्याचा धंदा होता. आवड आणि पोटापाण्याचं काम एकच असण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

दीड वर्षापूर्वी त्याला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. पुरुषी हार्मोन बंद करणारी सुई सुरू झाली आणि इतकी वर्षं हादरे खाणारं घर एकदम निवांत झालं. दादा भाजी चिरू लागला. एकदा तर 'मीठ जरा कमी आहे' एवढंच म्हणून तो मुकाट जेवला. त्या दिवशी वहिनीने न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडून घेतलं.

"सगळं त्या हार्मोनचं होतं गं," ती नणंदेला सांगायची. "माणूस वाईट नव्हता."

कर्करोगाला मनातल्या मनात दुवा देणारी अशी बाई विरळाच. नणंद प्रयोगशाळेत याच रोगावर काम करायची. तिचा शब्द घरात शेवटचा. आपल्या भुवईवरची जुनी खोक बोटाने चाचपत तिने तेव्हा मान डोलावली होती.

गेल्या महिन्याभरात मात्र घर पुन्हा हादरे खाऊ लागलं होतं. आज नणंद डॉक्टरांना भेटून आली होती.

"दादा, रोग मणक्यात उतरलाय."

"मग त्या सुया काय शोभेला टोचून घेतो मी?"

"सांगते. पेशीत एक रिसेप्टर असतो. तुझा मुकादमच समज. मालकाचा फोन आला की तो माणसं कामाला लावतो. हार्मोन म्हणजे तो फोन. सुईने आपण फोन तोडला, गोळीने मुकादमाचे कान बुजवले. पण तुझ्या पेशींत आता त्याचा वेगळा प्रकार तयार झालाय. त्याला कानच नाहीत. त्याला फोनची गरज नाही, कुणाच्या हुकमाची गरज नाही. तो आपला भिंती फोडत पुढे पुढे सरकतोय."

दादा खदखदून हसला.

"पोरी, असला एक मुकादम मला मिळाला असता, तर अख्खं शहर आडवं केलं असतं मी!"

मग हसू विरलं आणि त्याने कपाटाच्या दारावर मूठ हाणली. फळी उभी चिरली. रक्ताळलेली मूठ चोखत तो आतल्या खोलीत जाऊन पलंगावर पडला.

वहिनी डाव्या हाताने काचा गोळा करत होती.

"सुई चालू आहे ना अजून?"

"चालू आहे."

"मागच्या आठवड्यात रक्त तपासलं, त्यात हार्मोन किती निघालं?"

"नसल्यात जमा."

"म्हणजे थोडं तरी असेल."

"नाही गं वहिनी. काहीच नाही म्हण."

वहिनीने सुजलेलं मनगट उजेडात धरून नीट पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

"मग हे कशावर चाललंय?"

नणंदेने एवढ्या परिषदांत एवढ्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. आत्ता ती काचा उचलू लागली.

वहिनीने गॅस बंद केला. आतून एक पिशवी आणली. ती आधीच भरलेली असावी, कारण चेन लावलेली होती.

"आता केमो देणार ना? सोबत माणूस लागेल."

"लागेल. पूर्ण दिवस."

"रक्ताचं असलेलं बरं," वहिनी म्हणाली. सुरात ना राग होता, ना टोमणा. "भात झालाय. आमटी तेवढी गरम कर."

दार तिने हळूच ओढून घेतलं. जिन्यावरची तिची पावलं उतरत उतरत ऐकू येईनाशी झाली.

"अगं ए!" आतून हाक आली. "पाणी आण!"

त्या हाकेला ओ देण्यासारखं घरात आता एकच माणूस उरलं होतं. बहीण स्वयंपाकघरात गेली. काचेचा पेला तिने भरलासुद्धा. मग क्षणभर थांबून ते पाणी तिने स्टीलच्या पेल्यात ओतलं.