व्होलुंड नावाचा लोहार

खाडीवर थंडी उतरायच्या सुमारास तो लंगडा लोहार होडीतून एकटाच आला, तेव्हाच गुन्वोरच्या मनात पाल चुकचुकली. नाव विचारलं तर म्हणाला, "व्होलुंड."

"गोष्टीतला?" तिचा धाकटा भाऊ ऑडुन हसला. "ज्याला राजानं पायाच्या शिरा तोडून बेटावर डांबलं, आणि ज्यानं राजाचीच पोरं मारली, तो?"

"नाव तेवढं त्याचं."

गुन्वोर हसली नाही. जुन्या बोलीत त्या नावाचा अर्थ कसबीही होतो आणि कपटीही, हे तिनं आईकडून ऐकलं होतं. तरी हिवाळ्यापुरती तिनं त्याला आपली भट्टी वापरू दिली; आपल्या दोन्ही मुलांना मात्र तिकडे फिरकू दिलं नाही.

काम असं, की बोट ठेवायला जागा नाही. त्यानं फाळ सांधला, कुऱ्हाडींना धार आणली, कोठाराला कुलूप घडवलं.

"अक्का, असा माणूस हातचा घालवायचा नाही," ऑडुन म्हणाला. "त्याची होडी लपवून टाकतो."

"बघू," ती म्हणाली. नको म्हणाली नाही.

एका सकाळी ताज्या बर्फात तिला भट्टीपासून किनाऱ्यापर्यंत पावलं दिसली. दोन्ही सारखीच खोल, लांब ढांगांची. ती विळा घेऊनच भट्टीत शिरली.

"लंगडेपणाचं सोंग? कुणाचा गळा कापायला आलायस रे?"

लोहारानं हातोडा ऐरणीवर ठेवला; मूठ सोडली नाही. "माझा गुरू खरा लंगडा होता, मालकीणबाई. आमच्या सरदाराला त्याचं काम फार आवडलं. निघून जाऊ नये म्हणून शिरा तोडल्या त्याच्या. तेव्हापासून कुठंही गेलो की मी आधीच लंगडतो."

"आणि नाव?"

"ते ऐकून लोक चार हात लांब राहतात."

"आम्ही तसले वाटलो तुला?"

"माझी होडी जागेवर नाही. तीच बघायला गेलो होतो."

गुन्वोरचे कान तापले. ती बाहेर पडली, ऑडुनला हाका मारल्या आणि तो वाद घालत असतानाच त्याच्याकडून होडी पाण्यात ढकलवून घेतली. वाटेसाठी तिनं सुक्या माशांची पिशवी दिली. लोहारानं ती नाकाशी धरून हुंगली, तिच्याकडे पाहिलं आणि पिशवी तशीच बाजूला ठेवून वल्ही उचलली.

"विष नाहीये त्यात!" ती ओरडली.

तो वल्हवत राहिला.