गच्चीवरच्या खोलीचा ताप

तीस वर्षं मी वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, त्यामुळे खोटं बोलायची मला सवय आहे. "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं म्हणून सुई टोचायची, हे खोटंच की. पण त्या दुपारी माझ्या मुलीनं माझ्यासमोर एक कागद ठेवला आणि माझी बोलतीच बंद झाली.

मुलीला घरात सगळे बारकी म्हणतात. वय एकोणतीस, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, तरी बारकीच. लहान घरांत उष्णता कुठून शिरते आणि शिरली की हटत का नाही, याचा ती अभ्यास करते. लोक म्हणतात, यात अभ्यास कसला, पत्रा तापतो म्हणून घर तापतं. मीही म्हटलं होतं. मग परदेशातल्या एका संस्थेनं तिला दोन वर्षांचं संशोधन अनुदान दिलं, तेव्हापासून मी गप्प बसले.

निघायला बारा दिवस उरले होते. पलंगावर बॅग आ वासून पडली होती, त्यात लोकरीचे मोजे आणि तिची तीन जाडजूड पुस्तकं, जी मी रोज बाहेर काढत होते आणि ती रोज आत ठेवत होती. व्हिसा झाला होता. एकच काम राहिलं होतं. सगळ्या मूळ नोंदवह्या, आणि ज्यानं ज्यानं आकडे घेतले त्याची सही, हे आज इथल्या पाचच्या आत तिकडे पोचवायचं. नाही पोचलं तर जागा दुसऱ्याला.

"आई, इथे सही कर," ती म्हणाली. "मी चहा ठेवते."

कागदावर लिहिलं होतं, की खालील प्रत्येक तापमान मी स्वतः, त्या जागी, त्या वेळी वाचलं आहे. खाली माझं नाव आणि हुद्दा, निवृत्त परिचारिका. अकरा तारखा, अकरा आकडे. त्यातले शेवटचे चार मी वाचलेच नव्हते. बसल्या जागी लिहिले होते.

झालं असं. एप्रिलमध्ये बारकी कार्यशाळेसाठी आणि शेवटच्या संध्याकाळी असलेल्या मुलाखतीसाठी अकरा दिवस बाहेरगावी गेली. नेमका तेव्हा उन्हाचा कहर सुरू झाला. आपोआप नोंद ठेवणारं यंत्र तिच्या विभागाच्या कपाटात बिघडून पडलेलं, म्हणून तिनं मला सांगितलं, रोज दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत जायचं, भिंतीवरचा तापमापक बघायचा आणि वहीत लिहायचं. एवढंच काम. मी म्हटलं, अगं, चाळीस चाळीस रोग्यांचा ताप घेतलाय मी एका फेरीत, एका खोलीचं काय घेऊन बसलीस.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. गच्ची आणखी तीन मजले वर. लिफ्ट नाही. सात दिवस मी गेले. सातव्या दिवशी उतरताना चौथ्या मजल्यावर माझा उजवा गुडघा अडकला. कडी लागावी तसा. मी पायरीवर बसले ते तासभर बसले. शेवटी तळमजल्यावर दुकान असलेल्या घड्याळवाल्यांना फोन केला, त्यांनी धरून घरी आणलं. त्यानंतर वर जायची माझी हिंमत झाली नाही.

बारकीला तेव्हाच सांगायला हवं होतं, मला कळतं. पण जाण्याआधी ती मला बजावून गेली होती, "तुझा गुडघा ठीक नसेल तर आत्ताच सांग. दुसऱ्या मजल्यावर तुला एकटीला टाकून मी दोन वर्षं जाणार नाही. मुलाखतीलाही जात नाही मग." आणि मी तिच्यासमोर जिन्याच्या दहा पायऱ्या तरातरा चढून दाखवल्या होत्या. तिचे वडील गेल्यापासून ही पोरगी माझ्या जिवाला अडकून बसली आहे. माझ्या गुडघ्यापायी तिचं आयुष्य या दोन खोल्यांत अडकावं, हे मला सहन होणारं नव्हतं.

म्हणून चार दिवस दोन वाजले की मी खुर्चीत बसून आकडा लिहीत असे. सातव्या दिवशीचा खरा आकडा होता साडेएकेचाळीस. पुढे मी लिहिलं एकेचाळीस, चाळीस पूर्णांक सहा, चाळीस पूर्णांक एक, एकोणचाळीस पूर्णांक आठ. एका खोलीचे चार आकडे, कोण बघतंय.

"केलीस का?" आतून बारकीचा आवाज आला.

"चष्मा सापडत नाहीये."

"डोळ्यांवर आहे तुझ्या."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. घड्याळवाले. बारकीच्या मनगटी घड्याळाचा नवा पट्टा बसवून आणला होता. माणूस फार चांगला, पण तोंडात तीळ भिजत नाही. घड्याळ तिच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, ते स्टूल पहिल्या मजल्यावरून अर्ध्या जिन्यात आणून ठेवू का? तुम्हाला तिथेच बसायला लागतं ना हल्ली."

मी त्यांच्याकडे असं बघितलं की वॉर्डबॉय असता तर पळाला असता.

"कसलं स्टूल?" बारकीनं विचारलं.

"कुंडीसाठी," घड्याळवाले म्हणाले. त्यांना खोटं अजिबात जमत नाही, कान लाल झाले. मग दुकान उघडं टाकून आलोय म्हणत ते पळालेच.

 बारकीनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मला वाटलं, आता ती जिन्याबद्दल विचारणार.  पण तिच्या डोक्यात दुसरंच होतं.

"सही करायच्या आधी एक सांग मला. तिकडच्या सरांनी परत विचारलंय." पडद्यावर एक आलेख होता. एक रेघ वर चढत होती, दुसरी खाली उतरत होती. "ही वरची बाहेरची हवा. त्या चार दिवसांत बाहेर पारा चढतच होता. आणि ही आपली खोली. रोज थोडी थोडी थंड होत गेलीये. असं कुठेच होत नाही, आई. मी लिहिलंय की घरमालकानं तिथे पाण्याची दोन पिंपं भरून ठेवली आहेत, त्यांनी उष्णता ओढून घेतली असेल. सरांना ते पान सगळ्यात जास्त आवडलंय. दुसरं पूर्ण वर्ष त्या पिंपांवरच आहे. तू रोज तिथे होतीस. तुला काय जाणवलं? खोली खरंच गार लागत होती?"

मी त्या उतरत्या रेघेकडे बघत राहिले. ती रेघ मी ओळखली. तीस वर्षं ती मी पलंगांच्या पायथ्याशी काढली होती. रोज तीन ते पाच दशांश उतरणारा ताप, एकही उडी नाही. आठव्या-नवव्या दिवशी असा तक्ता दिसला की डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, यांच्या घरच्यांना बोलवा, सोडू या. मी खोलीचे आकडे मनानं लिहायला बसले आणि माझ्या हातानं आपोआप त्या खोलीला बरं करून टाकलं होतं.

हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर. 

"आई?"

"पिंपांचं मला काय कळतं," मी म्हटलं.

"गार लागत होतं की नाही एवढंच सांग."

तीन वाजून गेले होते. पेन माझ्या हातात होतं. सही केली असती तर प्रश्न मिटला असता, निदान त्या दिवसापुरता. बारा दिवसांनी ती विमानात बसली असती. आणि मग तिकडे परक्या देशात दोन वर्षं पाण्याची पिंपं भरून, माझी लेक माझा खोटा ताप शोधत बसली असती. सापडला नसता. मग तिला वाटलं असतं, आपणच कमी पडलो.

मला एक शिकाऊ नर्स आठवली. रक्तदाब न मोजता तिनं तक्त्यात आकडा लिहिला होता. मी तिला सगळ्या वॉर्डासमोर झापलं आणि अख्खी पाळी त्याच रोग्याच्या उशाशी उभं केलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. त्या मुलीसमोर आता मी कोणत्या तोंडानं उभी राहिले असते?

मी पेन खाली ठेवलं.

"मी तिथे नव्हते," मी म्हटलं. "शेवटचे चार दिवस मी वर गेलेच नाही. आकडे माझ्या मनाचे आहेत."

बारकी आधी हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू विरलं.

"कोणते चार?"

मी बोट ठेवून दाखवले.

"का?"

"गुडघा." आणि मग सगळं सांगून टाकलं. पायरीवर बसले ते, घड्याळवाल्यांनी आणलं ते, स्टूल, तरातरा चढून दाखवल्यावर मोरीत जाऊन किती वेळ गुडघा धरून बसले होते, ते पण.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. बॅगेतली ती तीन पुस्तकं उचलून टेबलावर ठेवली. मग एकदम म्हणाली, "मी मुलाखतीत त्या चार दिवसांवर वीस मिनिटं बोललेय, आई. पाच माणसांसमोर. फोनवर तुला आकडे विचारले तेव्हाच सांगितलं असतंस, वही कोरी आहे म्हणून. कोरी वही चालते गं. खोटी चालत नाही. तू नर्स ना?"

ते 'तू नर्स ना' माझ्या काळजात घुसलं.  मी मान खाली घालून बसले आणि डोळे पुसले. चहावर साय धरली होती.

साडेतीन झाले. बारकीनं खुर्ची ओढली. लाल पेनानं वहीतल्या चार ओळींवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, प्रत्यक्ष वाचन नाही. मग आलेख पुन्हा काढला. चार दिवस नसताना खोली तिनं मोजलेल्या इतर खोल्यांसारखीच निघाली, तापली की तापलेली. पिंपांचं पान तिनं संपूर्ण काढून टाकलं. मग सरांना पत्र लिहायला बसली. दोन ओळी लिहायची, खोडायची. माझ्या गुडघ्याबद्दल तिनं एक अक्षर लिहिलं नाही. फक्त एवढंच, की चार दिवसांचे आकडे घेतलेले नाहीत, हे मला आज कळलं, त्यावर आधारलेलं पान मी मागे घेते, चूक माझी, मी तपासायला हवं होतं.

"चूक माझी लिही," मी म्हटलं.

"वही माझी आहे," ती म्हणाली.

मी सात आकड्यांच्या नव्या कागदावर सही केली. चार चाळीसला तिनं सगळं पाठवलं. तिकडे सकाळ होती. मग आम्ही दोघी त्या पडद्यासमोर बसून राहिलो. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक बसतात ना, तसं. मी तीस वर्षं त्यांना सांगत आले, आत जाऊन जरा पडा, इथे बसून काही होणार नाही. किती फुकटचा सल्ला होता तो, हे मला त्या दिवशी कळलं.

पाचला दहा कमी असताना उत्तर आलं. बारकीनं ते दोनदा वाचलं, मग मला सांगितलं. पत्राची नोंद घेतली. पहिलं वर्ष कायम. दुसरं वर्ष पिंपांसाठी होतं, ते रद्द. वर्षाअखेरीस नवा विषय मांडला तर विचार करू.

"म्हणजे अर्धं गेलं," मी म्हटलं.

"अर्धं गेलं," ती म्हणाली. "ऊठ. चप्पल घाल."

"कुठे?"

"खाली. आणि मग वर, आपल्या दारापर्यंत. मला बघायचंय."

नाही म्हणायची सोय नव्हती. आम्ही खाली उतरलो. घड्याळवाले दुकानातून बघत होते, मान वळवून उगाच एका गजराच्या घड्याळाला चावी देत बसले. बारकीनं नव्या पट्ट्याच्या घड्याळावर वेळ बघितली आणि म्हणाली, "चढ. नाटक करायचं नाही."

मी चढले, जशी रोज चढते तशी. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, डावा पाय आधी, मग उजवा ओढून. पहिल्या मजल्यावर स्टुलावर बसले. ती एक पायरी खाली उभी राहिली, हात पुढे करून, पण मला न धरता. तिचा चेहरा मी बघितला नाही. पुन्हा उठले. दाराशी पोचले तेव्हा माझी छाती भात्यासारखी चालत होती.

"चौदा मिनिटं," ती म्हणाली. 

"आता तू जाणार नाहीस," मी म्हटलं. मला रडू आलं. इतकं करून शेवटी तेच झालं, असं वाटलं.

ती आत गेली. बॅगेवरून हात फिरवत जरा वेळ उभी राहिली. मग टेबलावरची तीन पुस्तकं परत बॅगेत ठेवली आणि त्यांच्याखालून एक कोरी वही काढली.

"उद्या हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. मग तळमजल्यावर भाड्यानं खोली बघायची, बारा दिवस आहेत. मिळाली तर मी जाईन, नाही मिळाली तर तेव्हा बघू. आणि गेले तरी रोज दुपारी दोन वाजता तू मला आकडा पाठवायचास."

"गच्चीचा?"

"गुडघ्याचा. किती चाललीस, किती वेळा बसलीस."

"आणि मनानं लिहून पाठवला तर? तिकडे बसून तुला काय कळणार आहे?"

"रोज थोडी थोडी बरी होत गेलीस की कळेल," ती म्हणाली.

पहिल्या ओळीवर तिनं तारीख घातली, चौदा मिनिटं लिहिलं, आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली.